आकडा हलणारच, गोळी हलवू नका

पत्र थोडक्यात: इंदूरच्या रामबाग भागातल्या एका ताईंचं (वय ५८) हे पत्र आहे. यजमान ६६ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. प्रेशर आणि शुगर दोन्ही आहेत. पुण्याला असलेल्या लेकीने दोन्ही मशीनं पाठवली, तेव्हापासून ते दिवसातून आठ-दहा वेळा प्रेशर मोजतात, दोन-तीनदा बोट टोचतात, आकडे वहीत लिहितात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. आकडा कमी आला की गोळी अर्धी किंवा बंद. जास्त आला की एक जादा. सकाळची शुगर वाढलेली दिसली की "रात्री काय वाढलं होतंस?" हा प्रश्न येतो. उन्हाळ्यात प्रेशर उतरावं म्हणून घरात मीठ जवळजवळ बंद केलं होतं आणि कुणाच्या सांगण्यावरून चार-पाच लिटर पाणी पिणं सुरू होतं. मे महिन्यात त्यांना मळमळ झाली, तोल जाऊ लागला, ते असंबद्ध बोलू लागले. रक्तातलं सोडियम १२१ निघालं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. घरी आल्यावर "मीठ कमी पडलं होतं" म्हणून सेव, पापड, लोणचं परत ताटात आलं. आता डिसेंबरमध्ये लेकीचं बाळंतपण पुण्यालाच आहे. ताई विचारतात: "यांचा आकडा नेमका किती ठेवायचा? प्रेशर, शुगर, सोडियम, सगळं एकाच वेळी जागेवर कसं ठेवायचं? मी महिनाभर गेले आणि मागे काही झालं तर?"

ताई,

पत्रासोबत वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत. सकाळी उठल्या उठल्या १५२/८८, नाश्त्यानंतर १३४/८०, दुपारी जेवून ११६/७०, आणि संध्याकाळी जिना चढून आल्यावर १४६/८६. या पानामुळे त्या दिवशी घरात दोनदा खटका उडाला, असं तुम्ही लिहिलं आहे. मला मात्र त्यात प्रेशर असलेल्या माणसाचा बऱ्यापैकी साधा दिवस दिसतो.

पहाटे जाग येण्याच्या सुमारास शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिनसारखे स्राव वाढवतं, आणि सकाळची गोळी घेणाऱ्या माणसात आदल्या दिवशीच्या गोळीचा जोर त्याच वेळी सगळ्यात कमी असतो. म्हणून १५२. जेवणानंतर रक्ताचा मोठा वाटा पोटाकडे वळतो आणि साठी ओलांडलेल्या माणसांत तेवढ्यानेही प्रेशर खाली येतं. म्हणून ११६. संध्याकाळचं तर तुम्हीच लिहिलंत, जिना चढून आले आणि लगेच पट्टा बांधला. चारही आकड्यांची सरासरी काढली तर १३७/८१ येते. घरी मोजलेल्या प्रेशरसाठी १३५/८५ ही वरची हद्द धरतात. म्हणजे नियंत्रण जरा सैल आहे, पण ग्रुपवर सगळ्यांची झोप उडावी असं त्या पानावर काही नाही.

"नेमका आकडा किती ठेवायचा" या तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: निरोगी शरीरात प्रेशर एका जागी थांबलेलं असतं. तसं ते कधीच नसतं. प्रेशर पहिल्यांदा मोजलं गेलं तेव्हाही नव्हतं. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या रोहिणीला (धमनीला) काचेची उंच नळी जोडली आणि रक्त आठ फूट तीन इंच वर चढलेलं पाहिलं. १७३३ साली छापलेल्या त्याच्या नोंदींत रक्ताचा तो स्तंभ प्रत्येक ठोक्यासरशी वर-खाली होत होता, हेही लिहिलेलं आहे. आपल्या मशीनच्या पडद्यावर दोन ठाम आकडे उमटतात, त्यामुळे ही हालचाल आपल्याला दिसत नाही, एवढंच.

यजमान खुर्चीतून उठले की साधारण अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओढलं जातं. त्या क्षणी काहीच केलं नाही तर डोक्याला रक्त कमी पडेल आणि माणूस खाली बसेल. पण मानेतल्या मुख्य रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत ताण ओळखणारे मज्जातंतू आहेत. ते एक-दोन ठोक्यांत मेंदूला कळवतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, आणि आपण चहा ठेवायला स्वयंपाकघरात पोहोचलेलो असतो. हे झालं क्षणाक्षणाचं काम. दिवसांचं आणि आठवड्यांचं काम मूत्रपिंडं करतात: मीठ किती धरायचं, किती सोडायचं, पाणी किती ठेवायचं. दोरीवरून चालणाऱ्या मुलीच्या हातातली काठी सारखी हलत असते, म्हणून तर ती पडत नाही. प्रेशर, नाडी, लघवीचं प्रमाण या शरीराच्या हातातल्या काठ्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नारने शरीराच्या आतल्या स्थिर वातावरणाची कल्पना मांडली, आणि १९२६ साली अमेरिकेच्या वॉल्टर कॅननने त्या व्यवस्थेला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं. स्थिर म्हणजे ठरावीक मर्यादेत, असाच त्याचा अर्थ होता. मात्र प्रत्येक गोष्टीची मर्यादा सारखी रुंद नसते, आणि तुमच्या घरात नेमका इथेच घोळ झाला. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो. सोडियम १३५ ते १४५ मध्ये राहायला हवं. या अरुंद वाटा आहेत. प्रेशर मात्र झोपेत दहा ते वीस टक्के खाली जातं, जिन्यावर वर चढतं, भांडणात उसळतं, आणि हे सगळं मेंदूला, हृदयाला, मूत्रपिंडांना रक्त सतत मिळत राहावं म्हणून होतं. तुम्ही दोघांनी ज्याला हलायची मुभा आहे त्या प्रेशरवर पहारा बसवलात, आणि त्या पहाऱ्यापायी ज्याला हलायची फारशी मुभा नाही ते सोडियम घसरलं.

तुम्ही म्हणाल, शरीर एवढं शहाणं आहे तर गोळ्या कशाला? हा प्रश्न यजमानांच्याही मनात असणार, नाहीतर ११६ आल्यावर त्यांनी गोळी सोडली नसती. प्रेशर बरेच दिवस वाढलेलं राहिलं की मानेतले ते मज्जातंतू वाढलेल्या पातळीलाच नेहमीची पातळी समजू लागतात आणि तिचीच राखण करतात. मूत्रपिंडंही त्या वरच्या पातळीला जुळवून घेतात. यंत्रणा चालू असते, पण ती चुकीच्या पातळीची राखण करते. वर काही दुखत नाही, खुपत नाही, आणि आत मेंदूच्या, डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्या झिजत राहतात. सोबत मधुमेह असेल तर अधिकच. म्हणून गोळी हवी, रोज हवी, आणि आकडा छान आला त्या दिवशीही हवी. आकडा छान आला तो गोळीमुळेच.

दुसरं असं, की आजच्या आकड्यावर आजची गोळी ठरवणं औषधाच्या गतीतच बसत नाही. तुम्ही गोळ्यांची नावं दिली आहेत म्हणून सांगतो. ॲम्लोडिपिनचा अर्धा भाग शरीरातून जायला तीस ते पन्नास तास लागतात आणि रोज घेतल्यावर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर जातो. टेल्मिसार्टनही जवळपास दिवसभर टिकतं. दुपारी ११६ आला म्हणून दुसऱ्या सकाळी सोडलेल्या गोळीचा हिशोब पुढच्या दोन-तीन दिवसांत पुढे येतो. मग आकडा वाढलेला दिसतो, म्हणून जादा गोळी, आणि तिचा परिणाम आणखी पुढे. वहीतल्या चढउतारांतले काही तरी या गोळी कमी-जास्त करण्यानेच तयार झालेले असणार. प्रेशरच्या काही गोळ्या अशाही आहेत, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन, ज्या एकदम बंद केल्या तर प्रेशर उसळी मारतं. त्या यजमानांना नाहीत, पण हे वाचणाऱ्या कुणाला असतील.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, ते तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात: "जादा म्हणून जुन्या डब्यातली घेतात." ताई, त्या जुन्या डब्यातल्या गोळ्यांच्या पत्त्यावर टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन लिहिलेलं आहे, असं तुम्हीच वर नमूद केलं आहे. क्लोरथॅलिडोन म्हणजे आपण जिला पाण्याची गोळी म्हणतो ती. ती लघवीवाटे मीठ आणि पाणी काढते, प्रेशरवर उत्तम काम करते, लाखो लोकांना तिने फायदा झाला आहे. पण उतारवयात, त्यातही उन्हाळ्यात, काही जणांचं सोडियम तिने घसरतं. मे महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली ती बहुधा याचसाठी. ते जुने पत्ते आजच घराबाहेर काढा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानदाराला देऊन टाका, घरात ठेवू नका. इतर वाचकांनीही आपल्या गोळ्यांचा पत्ता एकदा उलटून पाहावा. गोळीच्या नावाला 'एच' किंवा 'सीटी' जोडलेलं असेल तर बहुधा पाण्याचं औषध तिच्यात मिसळलेलं आहे. ते वाईट आहे असं नाही. आपण ते घेतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावं.

मे महिन्यात एकट्या मिठाने घात केला, असं तुमच्या नणंदबाई म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. रक्तातलं सोडियम १२१ येणं म्हणजे मिठाच्या मानाने पाणी जास्त होणं. तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या: पाण्याची गोळी, जवळजवळ बंद केलेलं मीठ, आणि चार-पाच लिटर पाणी. जेवणही कमी झालं होतं, वरण-भात बाजूला सारून नुसतं सूप आणि फळं चालली होती, असं तुम्ही लिहिलं आहे. मीठ आणि प्रथिनं दोन्ही कमी झाली की मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी बाहेर टाकणंही जमेनासं होतं. त्यामुळे पाणी साचलं, मेंदूच्या पेशी फुगू लागल्या, आणि मळमळ, तोल जाणं, असंबद्ध बोलणं सुरू झालं. तुम्ही ते नुसतं उन्हाने झालं असेल असं न म्हणता लगेच दवाखान्यात नेलंत, हे फार महत्त्वाचं होतं. अशा वेळी घरी मीठ-पाणी पाजत बसणं धोक्याचं असतं. सोडियम किती वेगाने वर आणायचं यालाही मर्यादा आहे, घाईने वर आणलं तरी मेंदूला इजा होते. ते काम दवाखान्याचंच.

म्हणून त्यावरचा उपाय सेव-पापडाची पाकिटं नव्हेत. मिठाचं प्रमाण एकदा ठरवायचं आणि ते रोज तेवढंच ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं: भाजीतलं, पोळीतलं, लोणच्यातलं, बाहेरचं. दोघांच्या घरात दिवसाला १० ग्रॅम. या हिशोबाने एक किलोची पुडी शंभर दिवस पुरायला हवी. पुडी आणल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. दीड महिन्यात संपत असेल तर कळेल. लोणचं, पापड आणि नमकीन विकतचं असेल तर ते या पुडीत मोजलं जात नाही, म्हणून मग पुडी शंभर दिवसांहूनही जास्त पुरली पाहिजे.

इंदुरात राहून हे सांभाळणं अवघड आहे, मला कल्पना आहे. सकाळचे पोहे नुसते कुठे असतात, त्यावर जीरावन मसाला, त्यावर मूठभर सेव, आणि जीरावनात काळं मीठ असतंच. पोहे सोडा असं मी म्हणणार नाही. पोह्यात मीठ बेताचं घाला, सेव चिमूटभर घाला, जीरावनाऐवजी लिंबू, बडीशेप, ओलं खोबरं, डाळिंबाचे दाणे घाला. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जायचं असेल तर महिन्यातून एखाद्या वेळी जा, आणि त्या दिवशी घरचं लोणचं-पापड वर्ज्य. काळं मीठ आणि सैंधव चालतं, हा समज मात्र काढून टाका. दोन्हींत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

लो सोडियम मीठ आणू का, असंही तुम्ही विचारलं आहे. तुमच्या घरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात, आणि मधुमेहाने मूत्रपिंडं थोडी जरी थकलेली असली तरी रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ या मर्यादेच्या वर जाऊ शकतं. त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. ज्यांची मूत्रपिंडं ठीक आहेत आणि अशी औषधं चालू नाहीत त्यांना ते मीठ उपयोगी पडतं.

पाण्याचं सांगायचं तर तहान लागेल तसं प्यावं, लघवी फिकट पिवळी राहावी. इंदूरच्या मे महिन्यात जास्त लागेल, थंडीत कमी. लिटरांचं टार्गेट ठेवू नका. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा की प्रेशरच्या आणि शुगरच्या गोळ्या तशाच घ्यायच्या की एक-दोन दिवस थांबवायच्या. आकड्यांवरून गोळी हलवायची नाही म्हटलं, त्याला हा अपवाद, आणि तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

"रात्री काय वाढलं होतंस?" या प्रश्नाबद्दल मला यजमानांशी बोलायचं आहे. हा भाग त्यांना वाचायला द्या.

काका, सकाळची उपाशीपोटीची शुगर बहुतांशी तुमच्या यकृतातून येते. माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती चहाच्या चमच्याएवढी, चार-पाच ग्रॅम. मेंदूला ती रात्रभर लागते, म्हणून यकृत स्वतःजवळच्या साठ्यातून थोडी थोडी सोडत राहतं. पहाटे जाग आणणारे स्राव वाढले की ते जरा जास्त सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन लगेच आवर घालतं, मधुमेहात ते जमत नाही. रात्री तुम्ही ज्वारीची भाकरी आणि मेथी खाल्लीत तरी सकाळी १४५ दिसू शकतं. शिवाय घरच्या मशीनमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत फरक पडणं मान्य धरलेलं आहे. १३२ आणि १४५ हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. आंबा किंवा चिकू कापून हात न धुता बोट टोचलं तर आकडा फुगतो. जेवण वाढणाऱ्या व्यक्तीवर खटला भरायला हा पुरावा पुरत नाही. खरा हिशोब एचबीए१सी या रक्ततपासणीत असतो, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी त्यांच्यावर नोंदलेली असते. ती ७ च्या आसपास असेल तर तुमच्या वयाला बहुधा चांगलं मानतात. तीन महिन्यांनी ती तपासा. रोज दोन-तीनदा बोट टोचायची गरज तुम्हाला सध्या आहे का, हे डॉक्टरांना विचारा. शंका आली तेव्हा मात्र जरूर मोजा. तुम्ही ग्लिमेपिराइड घेता, त्या गोळीवर जेवण चुकलं तर शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड झाली आणि ७० च्या खाली आलं, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, आणि मग जेवून घ्यायचं. मशीन हाताशी नसेल तरी साखर आधी.

आता त्या प्रेशरच्या मशीनचं काय करायचं? ते कपाटात कुलूपबंद करा, असं तुमच्या बहिणीने सुचवलंय. मी असं करणार नाही. घरी मोजणं ही खरोखर चांगली गोष्ट आहे. पुष्कळांचं प्रेशर दवाखान्यात पाऊल टाकताच चढतं आणि घरी नीट असतं, काहींचं उलटं असतं, आणि हे घरच्या नोंदींशिवाय डॉक्टरांना कळतच नाही. शिवाय निवृत्त माणसाच्या हातातून एकदम काम काढून घेतलं तर भीती जात नाही, ती दुसरीकडे वळते. तीस-पस्तीस वर्षं खात्यांचा ताळेबंद जुळवलेल्या माणसाला शरीराचाही रोजच्या रोज जुळावा असं वाटणं मी समजू शकतो. त्यांच्या त्याच शिस्तीचा उपयोग करून घ्या. त्यांना असं सांगा: महिन्यातला एक आठवडा ठरवायचा. सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, आणि रात्री जेवणाआधी. लघवीला जाऊन यायचं. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, फिरणं नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे, आवडलेला एकच नाही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती सरासरी महिन्याचा आकडा. तो एकच ग्रुपवर टाकायचा. बाकीचे तीन आठवडे मशीन बंद, त्रास होत असेल तेवढं सोडून.

या बारीकसारीक गोष्टी अनाठायी वाटतील, पण बोलता बोलता मोजलं तर प्रेशर दहाच्या आसपास जास्त दिसू शकतं, लघवी तुंबलेली असली तरी तेवढंच. हात हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर सात-आठची भर पडते. दंडाला पट्टा लहान पडत असेल तर आकडा कायमच खोटा जास्त येणार. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. मनगटावरचं मशीन शक्यतो नको.

या आठवड्यात एकदा उभं राहूनही मोजायला सांगा: बसून एकदा, उठल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. जुन्या मधुमेहात मज्जातंतू मंदावतात आणि उठल्यावर येणारी घेरी त्यातून येऊ शकते. गुडघ्यांसाठी ते अधूनमधून दुखण्याची गोळी घेतात ना? तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या प्रेशर वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात, टेल्मिसार्टनसोबत तर जपूनच.

नेमका आकडा किती, याचं उत्तर मी टाळत नाही. घरच्या सरासरीला १३५/८५ ही सर्वसाधारण हद्द. मधुमेह असलेल्यांना डॉक्टर बहुधा १३०/८० च्या खाली राहायला सांगतात, चक्कर येत नसेल तर. तुमच्या डॉक्टरांकडून त्यांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. सरासरी त्याच्या वर राहिली तर गोळी बदलायचा निर्णय त्यांचा.

एखाद्या वेळी १८० किंवा जास्त दिसलं तर? छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काही असेल तर परत मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. यातलं काहीच नसेल तर शांत बसवा, थोड्या वेळाने परत मोजा, आणि तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली गोळी ठेवून झटक्यात प्रेशर उतरवायचा जुना प्रकार करू नका. एकदम उतरलेल्या प्रेशरमुळे मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं.

ताई, एवढ्या लांबलचक पत्रात तुमच्या स्वतःच्या प्रेशरचा एकही आकडा नाही. तुम्ही ५८ वर्षांच्या आहात, रात्री दोनदा उठून यजमानांचा श्वास बघता, आणि "सगळं जागेवर ठेवायची" जबाबदारी तुमची आहे असं धरून चालला आहात. ती तुमची नाही. तुमचं काम स्वयंपाकात मीठ बेताचं घालण्यापर्यंत येतं. गोळी वेळेवर घेणं, मधल्या आकड्यांवर न घाबरणं आणि डॉक्टरांकडे जाणं हे त्यांचं काम आहे. सरासरीचा तो आठवडा दोघांनी मिळून करा, एका मशीनवर, दोन रकान्यांत.

पुण्याबद्दल. तीन वाटा दिसतात. तुम्ही न जाणं: लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला तुम्ही नसणार, आणि यजमानांनाही आपण आजारी आहोत याची खात्री पटणार. मला हे दोन्ही पटत नाही. त्यांना सोबत नेणं: छान, पण बाळंतिणीच्या घरात त्यांना दिवसभर काय काम, आणि लेकीसमोर मशीन परत बाहेर निघेल का, याचा विचार करा. पहिले दहा दिवस तुम्ही एकट्या जाणं आणि बारशाला त्यांना बोलावणं, ही वाट मला सगळ्यात बरी वाटते. दहा दिवस माणूस स्वतःचं बघू शकतो, आणि त्यांनी ते करून बघायलाही हवं.

त्याची तयारी नोव्हेंबरमध्येच करा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी) आणि एचबीए१सी तपासून घ्या. मे महिन्यानंतर सोडियम परत पाहिल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, तेव्हा ही तपासणी पुण्याला जायचं नसतं तरी करायचीच होती. सात खणांची गोळ्यांची डबी आणा आणि ती त्यांनाच भरायला सांगा, तुम्ही फक्त एकदा बघा. जेवणाचा डबा लावणार असाल तर डबेवाल्या बाईंना मीठ बेताचं घालायला सांगा आणि वेळ पक्की करून घ्या, ग्लिमेपिराइडमुळे जेवणाची वेळ चुकवून चालणार नाही. शेजारच्या कुणाकडे घराची दुसरी किल्ली आणि डॉक्टरांचा नंबर द्या. मळमळ, तोल जाणं, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर मे महिन्यात सोडियम उतरलं होतं हे दवाखान्यात आधी सांगायचं, एवढं त्यांना लिहून द्या. रोज रात्री एक फोन करा, आणि त्यात गोळी घेतली का आणि जेवलात का, एवढंच विचारा. रिपोर्ट ठीक आले की तिकीट काढा. नोव्हेंबरात पुण्याच्या गाड्या लवकर भरतात.